शॉर्ट निघाला, तरी १२ व्होल्ट परत यायला एवढा वेळ का? प्रोटेक्शन सर्किटची स्लो रिकव्हरी शोधायची पद्धत

लोडमधला शॉर्ट काढला, वायर नीट केली, सगळं मीटरने चेक केलं, तरी आउटपुट यायला पाच-सात सेकंद लागतात, कधी मिनिटभर लागतो आणि कधी तर मेन स्विच बंद-चालू केल्याशिवाय येतच नाही. ही तक्रार घेऊन प्रोटेक्शनचा बोर्ड (करंट वाढला की लाइन तोडणारा) आला की बहुतेक जण आधी आयसी बदलतात, मग मॉस्फेट बदलतात, मग नाइलाजाने कॅपॅसिटर बदलतात आणि त्यातल्या कशाने तरी चालू झालं की काम झालं असं समजतात. माझं म्हणणं एवढंच की स्लो रिकव्हरी हा एक आजार नाही, पाच-सहा वेगवेगळ्या कारणांचं ते एकच लक्षण आहे, आणि प्रत्येक कारण वेगवेगळा वेळ खातं. म्हणून सोल्डरिंग आयर्न गरम करायच्या आधी वेळ नक्की कोणत्या टप्प्यात जातोय ते मोजायचं. बरेचदा मिळालेला आकडाच सांगून टाकतो की चोर कोण आहे.

हवेत बोलण्यापेक्षा एक ठराविक सर्किट धरून चालतो, कारण सीसीटीव्ही, राउटर, बॅटरी बॅकअप, गेट मोटर अशा १२ व्होल्टच्या कामात याचेच भाऊबंद सगळीकडे भेटतात.

सर्किट असं धरा

वरच्या लाइनमध्ये पी-चॅनल मॉस्फेट, आयआरएफ ९५४० किंवा तशाच ताकदीचा. ग्राउंडच्या लाइनमध्ये ०.१ ओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर), म्हणजे ३ अँपिअरला त्याच्यावर ०.३ व्होल्ट पडतात आणि तिथेच ट्रिप, म्हणजे लाइन बंद. शंटचं व्होल्टेज १ के आणि १०० नॅनोफॅरडच्या फिल्टरमधून एलएम ३९३ च्या पहिल्या कंपॅरेटरकडे (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या भागाकडे) जातं. करंट जास्त झाला की हा कंपॅरेटर २.२ मायक्रोफॅरडच्या टायमिंग कॅपॅसिटरला खाली ओढून रिकामा करतो. तो कॅपॅसिटर २२० के मधून ५ व्होल्टकडे परत चार्ज होतो, आणि २.५ व्होल्ट ओलांडले की दुसरा कंपॅरेटर बीसी ५४७ ला ऑन करतो, ट्रान्झिस्टर १ के मधून गेट खाली ओढतो, मॉस्फेट चालू. गेट ते सोर्स १० के आणि १०० नॅनोफॅरड. लॉजिकचे ५ व्होल्ट इनपुटच्या बाजूने ७८एल०५ मधून.

शॉर्ट तसाच राहिला तर हे सर्किट बंद होतं, थांबतं, परत ट्राय करतं, परत बंद होतं, यालाच हिकअप म्हणतात. थांबण्याचा वेळ ०.६९ गुणिले रेझिस्टर गुणिले कॅपॅसिटर, म्हणजे ०.६९ × २,२०,००० × ०.०००००२२, साधारण ०.३३ सेकंद. कॅपॅसिटरला २० टक्के इकडेतिकडे धरलं तर ०.२७ ते ०.४० सेकंद. शॉर्ट एखादा रिट्राय फसल्यावर लगेच निघाला तर पूर्ण ०.३३ सेकंद थांबावं लागणार, पुढच्या रिट्रायच्या जरा आधी निघाला तर लगेच येणार. म्हणजे शून्य ते ०.४ सेकंद हे नॉर्मल आहे, त्यात काही शोधत बसू नका.

तुमच्या बोर्डवर किमती वेगळ्या असतील, पण हाच हिशोब आधी कागदावर मांडा. किती वेळ लागायला हवा हेच माहीत नसेल तर स्लो कशाला म्हणायचं?

आधी बघा की हा फॉल्ट आहे का

कस्टमर "लाइन यायला दोन मिनिटं लागतात" म्हणतो तेव्हा तो राउटरवरचा दिवा किंवा कॅमेऱ्याचं चित्र बघून बोलत असतो. कॅमेरा बूट व्हायला अर्धा-एक मिनिट घेतो, फायबरचा मोडेम त्याहून जास्त. आउटपुटला मीटर लावा, १२ व्होल्ट लगेच आले आणि चित्र उशिरा आलं तर बोर्ड बिचारा निर्दोष आहे.

दुसरं, काही डिले मुद्दाम ठेवलेले असतात. फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये लाइट आल्यावर जी दोन-तीन मिनिटांची वाट असते ती कॉम्प्रेसरमधलं प्रेशर सारखं व्हायला दिलेली असते, ती काढली तर पुढचा खर्च कॉम्प्रेसरचा. बॅटरीच्या लो-कटचंही तसंच, १०.८ ला तोडलं आणि १२.५ ला जोडायचं असं सेटिंग असेल तर बॅटरी चार्ज होऊन तिथपर्यंत पोचेपर्यंत लाइन येणारच नाही, त्याला तास लागला तरी तो फॉल्ट नाही. उलट प्रकार ओव्हर-व्होल्टेजमध्ये होतो: तोडायची पातळी १५, जोडायची १३, आणि चार्जर १३.८ वर फ्लोट करतोय, म्हणजे भरलेली बॅटरी तेवढ्यावर धरून ठेवतोय! चार्जर चालू असेपर्यंत लाइन कशी येणार? इथे पार्ट एकही खराब नाही, फक्त दोन पातळ्यांमधलं अंतर चुकीचं निवडलंय, जोडायची पातळी १४.२ च्या आसपास नेली की प्रश्न संपतो.

मोजायची तयारी

दोन चॅनलचा साधा डीएसओ (डिजिटल स्कोप) असला की भागतं. नसेल तर डिजिटल मीटर आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून सेकंद मोजता येतात, पण मिलिसेकंदातलं काही दिसणार नाही.

नॉर्मल लोड म्हणून १० ओहम, २० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, १.२ अँपिअर ओढतो. बरेच जण गाडीचा २१ वॉटचा बल्ब लावतात, तो गरम असताना पावणेदोन अँपिअर घेतो पण थंड फिलामेंटचा करंट त्याच्या आठ-दहा पट असतो, त्यामुळे बोर्ड चालू होताना तोच बल्ब परत ट्रिप करतो आणि आपण बोर्डला शिव्या घालत बसतो. फॉल्टसाठी २.२ ओहम, १० वॉट, एका जाड टॉगल स्विचमधून, म्हणजे साडेपाच अँपिअर. स्क्रूड्रायव्हरने डायरेक्ट शॉर्ट मारून टेस्ट करू नका, प्रत्येक वेळी वेगळा रेझिस्टन्स लागतो आणि दोन रीडिंगची तुलनाच होत नाही.

स्कोपच्या बाबतीत एक फार महत्त्वाचं. शंट ग्राउंडच्या लाइनमध्ये आहे, म्हणजे इनपुटचं ग्राउंड आणि लोडचं ग्राउंड एक नाही. दोन्ही प्रोबच्या ग्राउंडच्या मगरी (क्लिप) इनपुटच्या ग्राउंडलाच लावा. एक इकडे आणि एक तिकडे लावली तर स्कोपच्या आतून शंट बायपास होतो आणि प्रोटेक्शन ट्रिपच होत नाही. सीसीटीव्हीमध्ये हाच प्रकार स्कोपशिवायही होतो बरं का, कॅमेऱ्याचं ग्राउंड कोअॅक्सच्या जाळीतून डीव्हीआरकडे जातं आणि अर्धा करंट शंटला वळसा घालून निघून जातो. त्यामुळे ग्राउंडमधला शंट सीसीटीव्हीला मला मुळातच पटत नाही, पण बाजारात तेच जास्त मिळतं.

पायरी १: इनपुट पडतंय का ते बघा

पहिला चॅनल बोर्डच्या इनपुटवर, दुसरा आउटपुटवर. सिंगल ट्रिगर, आउटपुटच्या खाली जाणाऱ्या एजवर, टाइमबेस ५०० मिलिसेकंद. फॉल्ट द्या, काढा, बघा.

फॉल्टच्या वेळी इनपुटही १२ वरून दोन-तीन व्होल्टवर बसलं आणि नंतर सावकाश वर आलं, तर स्लो तुमचा बोर्ड नाही, मागचा अडॅप्टर आहे. हे फार कॉमन आहे कारण लोक २ अँपिअरच्या अडॅप्टरपुढे ३ अँपिअरला ट्रिप होणारा बोर्ड लावतात. मग नेहमी अडॅप्टरच आधी ट्रिप होणार, त्याच्या स्वतःच्या हिकअपमधून तो बाहेर येणार, मग ७८एल०५ ला व्होल्टेज मिळणार, मग तुमचा ०.३३ सेकंदाचा टायमर पहिल्यापासून सुरू होणार. उपाय सोपा, बोर्डची ट्रिप पातळी अडॅप्टरच्या रेटिंगच्या खाली आणा. २ अँपिअरच्या अडॅप्टरला १.६ ते १.८ ठीक, ०.१ ओहमच्या जागी ०.१८ ओहमचा शंट टाकला की साधारण १.७ अँपिअर मिळतात.

इनपुट ठणठणीत राहिलं तर पायरी २ वर जा. इनपुट पडलं आणि अडॅप्टरचं रेटिंगही पुरेसं असेल तर शेवटचा अडॅप्टरचा भाग वाचा.

पायरी २: टायमिंगच्या नोडवर प्रोब

खरा मुद्देमाल नव्वद टक्के इथेच सापडतो. प्रोब १०एक्स वर ठेवा. हा नोड (टायमिंग कॅपॅसिटर आणि २२० के जिथे जोडलेत ती जागा) २२० के चा आहे, त्यामुळे मोजायचं साधनच त्याला दाबू शकतं. १०एक्स प्रोब किंवा डिजिटल मीटर १० मेगओहम असतो, काही फरक पडत नाही. १एक्स प्रोब १ मेगओहम, त्याने ०.३३ चे ०.३७ सेकंद होतात. पण जुना काट्याचा मीटर, २० के पर व्होल्टवाला, १० व्होल्टच्या रेंजवर लावला तर तो २०० के चा लोड होतो आणि नोड ५ व्होल्टकडे न जाता २.३८ लाच थांबतो. २.५ कधी येतच नाही! म्हणजे मीटर लावला की लाइन येत नाही, काढला की येते. असं भुताटकीचं काही दिसलं तर आधी मीटरकडे बघा.

स्कोपवर काय दिसायला हवं: फॉल्ट आला की नोड एक-दोन मिलिसेकंदात शून्याजवळ, मग वाकत वाकत वर, ०.३३ सेकंदाच्या आसपास २.५ व्होल्ट, आणि पुढे ५ कडे.

जर रेषा २.५ जवळ येऊन आडवी व्हायला लागली, पुढे सरकायलाच तयार नाही, तर लीकेज. हिशोब बघा. नोड २.५ व्होल्टवर असताना २२० के मधून फक्त ११ मायक्रोअँपिअर येतात. नवीन चांगला इलेक्ट्रोलिटिक त्यातले एक-दोन खातो, कधी त्याहूनही कमी. जुना, वर्षानुवर्षं गरम डब्यात शिजलेला कॅपॅसिटर ९-१० खायला लागला की उरतो एखादा, भोक पडलेल्या बादलीत बारीक नळ सोडल्यासारखं, पातळी वर चढते पण जीव जातो. आणि १२ मायक्रोअँपिअर झाले की लाइन कधीच येणार नाही, मेन स्विच कितीही वेळा बंद-चालू करा. लीकेज तापमानाबरोबर वाढतं, म्हणून "सकाळी लगेच येते, दुपारी येत नाही" ही तक्रार, त्यातही मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधून आलेली, ऐकली की मी सरळ या कॅपॅसिटरवर बोट ठेवतो.

खात्री करायची असेल तर कॅपॅसिटर काढा, १०० के रेझिस्टरच्या सिरीजमध्ये ५ व्होल्टला जोडा, पाच मिनिटं थांबा आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. ०.३ पर्यंत चालेल, एक व्होल्टच्या आसपास दिसलं तर केराची टोपली. साध्या कॅपॅसिटन्स मीटरवर हाच कॅपॅसिटर बऱ्याचदा २.२ च दाखवतो, कारण तो मीटर लीकेज बघतच नाही, त्यामुळे "मीटरवर तर ओके आहे" याला इथे काही अर्थ नाही.

बदलताना परत इलेक्ट्रोलिटिक टाकू नका. २.२ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर फिल्म टाका, जागा नसेल तर एक्स७आर सिरॅमिक, ५० व्होल्टचा. वाय५व्ही जातीचा सिरॅमिक नको, तापमान आणि व्होल्टेजने त्याची कपॅसिटी एवढी बदलते की टायमिंगला तो निरुपयोगी. लॅमिंग्टन रोडला काय किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काय, सुटे पार्ट घेताना पाय कापलेले किंवा सोल्डरचा डाग असलेले कॅपॅसिटर हातात आले तर तिथेच परत द्या, काढलेला जुना माल पुसूनपासून विकला जातो.

कॅपॅसिटर नवीन टाकूनही रेषा आडवी होत असेल तर बोर्डच गळतोय. पावसाळ्यात कोकणातून आलेल्या बोर्डांवर हे हमखास, न धुतलेला फ्लक्स, त्याच्यावर ओल आणि धूळ, आणि नोडच्या शेजारूनच ग्राउंडचा ट्रॅक. दोन ट्रॅकमध्ये २०० के चा रेझिस्टन्स तयार झाला तरी काट्याच्या मीटरसारखाच खेळ होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन दोन्ही बाजूंनी घासा, हेअर ड्रायरने वाळवा, मग टेस्ट करा, आणि नीट चालायला लागलं की वरून कन्फॉर्मल कोटिंग किंवा पीसीबी लॅकर मारा. ओल्या बोर्डवर लॅकर मारला तर ओल आतच बंद होते, तेवढं सांभाळा.

रेषेचा आकार बरोबर आहे पण सगळंच ताणलेलं, ०.३३ ऐवजी तीन-साडेतीन सेकंद, तर लीकेज नाही, किंमत बदललीये. बरोबर दहापट वेळ म्हणजे कोणीतरी २.२ च्या जागी २२ मायक्रोफॅरड टाकलाय किंवा २२० के च्या जागी २.२ मेग. आधीच्या मेकॅनिकच्या हाताला जे लागलं ते. यातला २२ मायक्रोफॅरडचा प्रकार जास्त वाईट, कारण एलएम ३९३ चं आउटपुट खात्रीने फक्त ६ मिलिअँपिअर ओढू शकतं. २.२ मायक्रोफॅरडला ५ वरून २.५ वर आणायला त्याला ०.९ मिलिसेकंद लागतात, २२ ला नऊ. म्हणजे रिकव्हरी तर स्लो झालीच, ट्रिपसुद्धा दहापट स्लो झाली, आणि त्या नऊ मिलिसेकंदात मॉस्फेट शॉर्टचा पूर्ण करंट खातो.

डिले कमी करायचा मोह

इथे थांबून एक गोष्ट बोलतो कारण सगळ्यात जास्त मॉस्फेट यात जळतात. २२० के च्या जागी २२ के टाकला की रिकव्हरी ३४ मिलिसेकंदात होते, कस्टमर खूश. पण शॉर्ट तसाच राहिला तर? समजा प्रत्येक रिट्रायच्या झटक्यात मॉस्फेटमध्ये ०.३ जूल उष्णता जाते. सेकंदाला तीन झटके म्हणजे साधारण ०.९ वॉट, हीटसिंक नसलेल्या टीओ-२२० ला वॉटमागे ६२ अंश धरले तर ५५ अंश वाढ, हात भाजेल पण टिकेल. तेच दहापट झटके दिले की ९ वॉट, आणि हिशोबाने साडेपाचशे अंश वाढ! तेवढं गरम व्हायच्या खूप आधी तो शॉर्ट होऊन बसेल, आणि मॉस्फेट शॉर्ट झाला म्हणजे तो कायमचा चालू, प्रोटेक्शन संपलं. डिले कमी करायचाच असेल तर अर्ध्यापर्यंत आणा आणि सोबत हीटसिंक लावा. त्याखाली मी जात नाही.

पायरी ३: टायमर वेळेवर, पण आउटपुट अडखळत येतं

नोडने २.५ ओलांडलं, पण दुसऱ्या कंपॅरेटरचं आउटपुट लगेच बदलायच्या ऐवजी फडफडतं, काही मिलिसेकंद वर-खाली होतं आणि मग बसतं, कधी त्या फडफडीतच परत ट्रिप होतं आणि अजून ०.३३ सेकंद जातात. कारण २.५ जवळ नोड फार सावकाश चढतोय, एका मिलिसेकंदात पाचेक मिलिव्होल्ट, आणि तेवढा नॉइज बोर्डवर कुठेही असतो. कंपॅरेटरला हिस्टेरेसिस (चालू आणि बंद व्हायच्या पातळ्यांमधलं थोडं अंतर) दिलेला नसला की असंच होणार. उपाय म्हणून कॅपॅसिटर आणि कंपॅरेटरच्या प्लस इनपुटच्या मध्ये १० के टाका आणि आउटपुटपासून प्लस इनपुटला १ मेग. हा १० के विसरलात तर १ मेगचा काही उपयोग नाही कारण कॅपॅसिटर फीडबॅक गिळून टाकतो. बीसी ५४७ च्या बेसला १० के आहे ना तेही बघा, बेस डायरेक्ट जोडलेला असेल तर आउटपुट ०.७ वरच अडकतं आणि हिस्टेरेसिस नावालाच राहतो. या बदलाने पंचवीस-तीस मिलिव्होल्टचा हिस्टेरेसिस मिळतो, थांबायचा वेळ थोडासा वाढतो, ०.३७ च्या आसपास जातो, तो वाढू द्या.

पायरी ४: गेट

कंपॅरेटर नीट, मग प्रोब गेटवर. गेट १२ वरून १.१ व्होल्टपर्यंत पाव-अर्ध्या मिलिसेकंदात यायला हवा. त्याऐवजी बराच वरच अडकत असेल तर गेट-सोर्सला झेनर लावलेला असल्यास तो लीक आहे किंवा मॉस्फेटचं गेटच जखमी आहे, अशा वेळी आउटपुटला ९-१० व्होल्ट दिसतात आणि मॉस्फेट विनाकारण तापतो.

गेट सावकाश उतरत असेल तर गेट-सोर्स कॅपॅसिटर बघा. कोणीतरी "सॉफ्ट स्टार्ट" म्हणून १०० नॅनोच्या जागी १० मायक्रो ठोकलेला असतो. चालू व्हायला त्याने दहा-वीस मिलिसेकंद लागतात, ते चालतंही, पण बंद होताना तोच कॅपॅसिटर १० के मधून रिकामा व्हायचा असतो आणि त्याला शंभर मिलिसेकंदांच्या वर लागतात. शॉर्टमध्ये शंभर मिलिसेकंद म्हणजे मॉस्फेटचं श्राद्धच. गेटवर मोठा कॅपॅसिटर हवाच असेल तर बंद करायचा रस्ता वेगळा द्या, बीसी ५५७ चा एमिटर सोर्सला, कलेक्टर गेटला, आणि त्याला कंपॅरेटरच्या सिग्नलवरून असा चालवा की बंद करायच्या क्षणी तो गेट सरळ वर खेचेल. हळू चालू, झटकन बंद.

पायरी ५: रेझिस्टरवर झकास, खऱ्या लोडवर नाही

१० ओहमवर ०.३३ सेकंदात येतं, पण चार कॅमेरे लावले की तीन-चार वेळा फडफडून मग येतं किंवा येतच नाही. हा बोर्डचा दोष नाही, कॅमेऱ्यांच्या आतल्या कॅपॅसिटरचा आहे. चार कॅमेरे, प्रत्येकात ४७० मायक्रोफॅरड धरा, एकूण १८८०. मॉस्फेट एका मिलिसेकंदात चालू झाला तर १८८० मायक्रोफॅरड × १२ व्होल्ट भागिले १ मिलिसेकंद, म्हणजे साडेबावीस अँपिअर, ट्रिप ३ ला. प्रत्येक रिट्रायला कॅपॅसिटर थोडे भरतात, मधल्या ०.३३ सेकंदात थोडे रिकामे होतात, आणि कधीतरी गाडी पलीकडे जाते. दिसायला स्लो रिकव्हरी, मुळात वारंवार ट्रिप. ओळखायची खूण म्हणजे आउटपुटवर शून्यावरून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारे सुळके दिसतात.

गणित असं की हे कॅपॅसिटर ३ अँपिअरने भरायलाच साडेसात मिलिसेकंद लागतात, वरून कॅमेऱ्यांनी १ अँपिअर ओढायला सुरुवात केली तर अकरा. म्हणजे चढण कमीत कमी पंधरा-वीस मिलिसेकंदांची हवी, वर सांगितलेल्या बीसी ५५७ च्या रस्त्यासकट. सगळ्यात सोपं आणि स्वस्त करायचं तर प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी छोटी प्रोटेक्टेड लाइन, एका कॅमेऱ्याचा शॉर्ट बाकीच्यांना पाडत नाही हा वर फायदा. शंटचा फिल्टर मोठा करून इनरशकडे (चालू होतानाच्या या मोठ्या करंटकडे) डोळेझाक करायला लावणं हा लोकांचा आवडता उपाय आहे, मला तो बिलकूल आवडत नाही, कारण इनरश आणि खरा शॉर्ट पहिल्या वीस मिलिसेकंदांत सारखेच दिसतात.

लाइनमध्ये पॉलीफ्यूज असेल तर

काही बोर्डांवर मॉस्फेटच्या पुढे पिवळी चपटी टिकली असते, पॉलीफ्यूज. त्याची रिकव्हरी म्हणजे थंड होणं, त्यामुळे सेकंद नाही तर मिनिटांची भाषा. तो ट्रिप झाल्यावर पूर्ण ओपन होत नाही, गरम राहण्यापुरता करंट स्वतःतून जाऊ देतो. समजा ट्रिप अवस्थेत तो १.५ वॉटवर गरम राहतो. १२ व्होल्टच्या लाइनवर लोड रेझिस्टन्स आरएल असेल तर पॉलीफ्यूजला जास्तीत जास्त १४४ भागिले ४ आरएल एवढे वॉट मिळू शकतात. हे १.५ पेक्षा कमी व्हायला लोड २४ ओहमच्या वर हवा, म्हणजे अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी. तुमचा नॉर्मल लोडच ०.७ अँपिअरचा असेल तर शॉर्ट गेल्यावरही तो लोड पॉलीफ्यूजला गरमच ठेवू शकतो. म्हणूनच लोडचा कनेक्टर काढून दोन मिनिटांनी लावला की चालू होतं.

शिवाय ट्रिप झालेला पॉलीफ्यूज थंड झाला तरी रेझिस्टन्स पहिल्यासारखा लगेच होत नाही, थोडा जास्तच राहतो, म्हणून वारंवार ट्रिप झालेला पॉलीफ्यूज दरवेळी थोडा लवकर ट्रिप व्हायला लागतो. त्याच्यावरचं रेटिंग २३ अंशांचं असतं, ६० अंशांच्या डब्यात होल्ड करंट साधारण दोन तृतीयांशच धरायचा. मॉस्फेटचं प्रोटेक्शन चांगलं असेल तर पॉलीफ्यूजच्या जागी साधा काचेचा फ्यूज लावा, वर दुसरं काही तुटलं तरच तो उडेल.

अडॅप्टरच स्लो असेल तर

पायरी १ मध्ये इनपुट पडलं असेल तर इथे या. इथून पुढे २३० व्होल्टची बाजू आहे, मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी असतं, प्लग काढल्यावरही थोडा वेळ राहतं. सवय नसेल तर अडॅप्टर बदलून मोकळे व्हा, दोन-तीनशे रुपयांसाठी हात भाजून घेऊ नका. सवय असेल तर आधी कॅपॅसिटर १०-२० के, ५ वॉटच्या रेझिस्टरने रिकामा करा, मीटरने खात्री करा आणि सिरीज बल्ब लावल्याशिवाय चालू करू नका.

यूसी ३८४२ जातीचा कंट्रोलर असेल तर तो १६ व्होल्टला सुरू होतो, १० ला बंद होतो. शॉर्टमध्ये ट्रान्सफॉर्मरची मदतीची वाइंडिंग कोसळते, आयसीचं व्हीसीसी (सप्लायचं व्होल्टेज) १० च्या खाली जातं आणि परत सगळं स्टार्टअप रेझिस्टरवर येतं. १५० के चा रेझिस्टर असेल तर ३१० व्होल्टवरून साधारण २ मिलिअँपिअर, आयसीचा स्टार्टअपचा अर्धा मिलिअँपिअर वजा केला तर दीड उरतो, आणि ४७ मायक्रोफॅरड १६ व्होल्टपर्यंत भरायला अर्धा सेकंद. हाच रेझिस्टर तापून तापून ३३० के झाला की उरतो ०.४ मिलिअँपिअर आणि वेळ होतो जवळजवळ दोन सेकंद. अजून वाढला तर अडॅप्टर उठतच नाही. त्या रेझिस्टरचं एक पाय काढून मोजा, बोर्डवरच मोजाल तर आकडा खोटा येईल. बदलताना एका मोठ्या रेझिस्टरऐवजी दोन सारखे सिरीजमध्ये लावा, एकाच रेझिस्टरवर ३०० व्होल्ट टाकणं हेच त्याच्या म्हातारपणाचं कारण असतं.

आणि तो व्हीसीसीचा ४७ मायक्रोफॅरड सुकलेला असेल तर उलटं होतं, आयसी लवकर सुरू होतो पण वाइंडिंगचा आधार मिळायच्या आत व्हीसीसी १० च्या खाली घसरतं, आणि टिक-टिक-टिक आवाज चालू राहतो. १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कॅपॅसिटर टाका.

दुरुस्तीनंतर

फक्त एकदा शॉर्ट करून "आलं बघ लगेच" म्हणून बोर्ड देऊन टाकू नका. २.२ ओहमचा फॉल्ट दहा मिनिटं तसाच ठेवा, मॉस्फेटचं तापमान बघा, मग फॉल्ट काढा आणि वेळ मोजा. नंतर हेअर ड्रायरने टायमिंग कॅपॅसिटरच्या आजूबाजूला गरम करा, डबा साठेक अंशांवर जाईल इतकं, आणि परत तोच वेळ मोजा, थंड आणि गरम यात दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी गळती राहिली आहे, पायरी २ वर परत जा. शेवटी खरा लोड लावून, सगळे कॅमेरे एकदम, मेन स्विच पाच-सहा वेळा बंद-चालू. मोजलेला वेळ आणि ट्रिपचा करंट मार्करने डब्याच्या आतल्या झाकणावर लिहून ठेवा, तारखेसकट.